थ्री.जेएस अपग्रेड केलं आणि शेडर कंपाइल होईना

एक जुना प्रोजेक्ट अंगावर आला, पाण्याच्या लाटा दाखवणारा, वेबजीएल १ च्या जमान्यातला (वेबजीएल म्हणजे ब्राउझरमधे ग्राफिक्स कार्ड वापरून चित्र काढायची सोय). म्हणलं त्यातली थ्रीडी लायब्ररी थ्री.जेएस लेटेस्टच करून टाकू, तसंही तिच्या आर१६३ व्हर्जनपासून वेबजीएल १ चा सपोर्ट काढलाय. केलं, आणि पाणी गायब, कन्सोल लालेलाल.

पहिलीच एरर 'टेक्श्चर : फंक्शन नेम एक्स्पेक्टेड', ओळ नंबर शंभरच्या आसपास. शेडरची (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम) फाइल उघडून बघतो तर जेमतेम ४० ओळींची! म्हणजे आपला शेडर थ्री.जेएसच्या शेडरमटेरियलमधून दिला की लायब्ररी आपल्या कोडच्या डोक्यावर स्वतःच्या ओळी चढवते, व्हर्जन, प्रिसिजन (आकड्यांची अचूकता), डिफाइन्स, कॅमेऱ्याचे युनिफॉर्म (जेएसकडून शेडरला मिळणाऱ्या किमती), आणि कंपायलर ते सगळं धरून मोजतो. नव्या व्हर्जनच्या लॉगमधे एररच्या आजूबाजूच्या ओळी दिसतात, पण मला अगदी वरचं बघायचं होतं, म्हणून वेबजीएलच्या गेटशेडरसोर्स फंक्शनने अख्खा सोर्स छापून घेतला.

आणि चोर सापडला. जीएलएसएल ईएस ३ मधे, म्हणजे वेबजीएल २ च्या शेडरच्या भाषेत, टेक्श्चरटूडी हे चित्रातला रंग वाचायचं फंक्शनच नाहीये, नुसतं टेक्श्चर आहे, म्हणून जुने शेडर चालावेत यासाठी वर एक डिफाइन असतं की टेक्श्चरटूडी आलं की टेक्श्चर समजा. सोय चांगलीये हो, पण या शेडरमधे युनिफॉर्मचंच नाव टेक्श्चर! फंक्शनला हाक मारावी तर ओ देतोय सॅम्पलर, म्हणजे चित्राचा तो युनिफॉर्म. नाव बदललं (जेएसमधल्या युनिफॉर्म्समधे पण बदला, नाहीतर एरर जाते आणि चित्र येत नाही) आणि खालच्या बऱ्याच एरर आपोआप गेल्या, त्या सगळ्या हिचीच पिल्लावळ. म्हणून मी तरी कायम सगळ्यात वरची एरर आधी बघतो.

मग 'सॅम्पल' नावाचं व्हेरिएबल अडलं, ईएस ३ मधे तो रिझर्व्ह्ड शब्द आहे, १ मधे नव्हता. बदलला, विषय संपला.

दुसरा शेडर रॉशेडरमटेरियलचा (त्यात लायब्ररी प्रिसिजन, युनिफॉर्म वगैरे आपोआप चढवत नाही), त्याचे दोन भाग, बिंदूंच्या जागा ठरवणारा व्हर्टेक्स आणि रंग ठरवणारा फ्रॅगमेंट, वेगवेगळे कंपाइल व्हायचे पण एकत्र जोडले, म्हणजे लिंक, होईनात. टाइमचा युनिफॉर्म दोन्हीकडे होता, व्हर्टेक्समधे फ्लोट (दशांश आकडा) डिफॉल्ट हायपी, म्हणजे जास्त अचूक, असतो आणि फ्रॅगमेंटमधे कोणीतरी मीडियमपी, म्हणजे कमी अचूक, लिहिलेलं, एकाच युनिफॉर्मची प्रिसिजन दोन ठिकाणी वेगळी चालत नाही. दोन्हीकडे मीडियमपी केलं तरी लिंक होतं, पण बऱ्याच फोनवर ते खरोखर १६ बिटांत चालतं, आणि तिथे १०२४ च्या पुढे दशांश उरतच नाहीत, म्हणजे सतराएक मिनिटांनी लाटा सेकंदासेकंदाला उड्या मारणार. त्यामुळे दोन्हीकडे हायपी.

विंडोजवर एक वॉर्निंग अजून येते, लूपमधे टेक्श्चर वाचतो त्यावरून. चित्र बरोबर येतंय तोवर मी तिला हात लावणार नाहीये.