२१४ खड्डे कमी

अजिंठ्याच्या डोंगररांगेत, कन्नडच्या बाजूला तेव्हा वनरक्षक म्हणून माझी बीट, म्हणजे राखायचा पट्टा, होती. झाडं लावायची मंजुरी उशिरा आली, म्हणून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, चिखल तुडवत आम्ही खड्डे खोदत होतो. लांबी, रुंदी, खोली ४५ सेंटिमीटर, आणि रोजचा आकडा ठरलेला. जागेचं वर्णन कागदावर ‘ओसाड माळ’. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, वर बोटभर माती, गुडघाभर कुसळी-पवन्याचं गवत आणि मधेमधे बोराटीच्या जाळ्या.

जेवणाच्या सुट्टीआधी एका मावशीच्या कुदळीखालून चपटा, तपकिरी कांदा निघाला. लहान बटाट्याएवढा. शेळ्या वळवत आलेले एक बाबा लगेच थांबले. “टाकू नका वो, खरपुडी हाय ती. पोरपणी लई खाल्ली आम्ही. आता दिसतच न्हाई कुठं.”

मावशींनी कांदा पदराला पुसला आणि विळा हातात घेतला. मी “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत विळ्याचं टोक सालीला टेकलं होतं.

थांबवलं ते कांद्यासाठी नव्हे. त्याला लागून दोऱ्याएवढी बारीक वेल बोराटीत शिरली होती आणि काट्यांच्या आत तीन फुलं होती. फूल जेमतेम पेराएवढं. बुडाशी फुगीर, वर निमुळती हिरवट नळी, आणि टोकाला जांभळ्या झाकेच्या पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला इवलासा पिंजरा. नुसता कंदीलच. सहा वर्षं हा माळ मी पायांखाली घातला, हे फूल पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तरी गवत म्हणून पुढं गेलो असेन. तोवर किती खड्डे काढले, हा हिशेब त्या दिवशी मनात आला आणि मी तो केला नाही.

रेंजसाठी टेकडीवर चढून, संभाजीनगरला वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. “सेरोपेजिया बल्बोसा. कंदीलपुष्पातली एक. वनस्पतीशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गनं १७९५ साली हे नाव दिलं, कांद्यावरूनच.” म्हणजे रॉक्सबर्गसाहेबाला आधी दिसला तोही कांदाच. कंदीलपुष्पांच्या भारतात पन्नासहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. बल्बोसा त्यातली बरीच दूरवर पसरलेली, जगातली शेवटची वगैरे नव्हे. पण आमच्या माळावर ती बोराटीच्या काट्यांआडच उरली होती, कारण शेळीचं तोंड तिथं पोचत नाही. पावसाळा सोडून उरलेलं वर्ष ती जमिनीखाली कांद्याच्या जिवावर काढते. सावली करणारी झाडं तिला नकोच असतात.

कुदळीच्या धक्क्यानं एक फूल गळून पडलं होतं. ते ब्लेडनं उभं चिरलं. नळीच्या आत खाली वळलेले केस, आणि बुडाच्या फुगीर खोलीत चिलटाएवढी माशी, जिवंत. वासाला भुलून ती आत उतरते, पण केस वर येऊ देत नाहीत. फूल सुकायला लागलं, केस मऊ पडले की सुटका. तोवर तिच्या तोंडाला परागांची पिवळी पुटकुळी चिकटते आणि ती घेऊन ती दुसऱ्या कंदिलात जाऊन अडकते. शहाणी होत नाही, हे वेलीचं नशीब. आमची माशी ब्लेडच्या पात्यावर क्षणभर बसली आणि उडाली.

संध्याकाळपर्यंत बाबांना घेऊन सगळ्या जाळ्या वाकून पाहिल्या. सतरा वेली मिळाल्या. त्यांतल्या अकरा बाबांनीच दाखवल्या, शेळ्यांकडे एक डोळा ठेवून. साल खरचटलेला कांदा मावशींनी स्वतः पुन्हा पुरला, वर दगड ठेवून. तेवढ्या पट्ट्यातलं काम मी थांबवलं.

साहेब फोनवर वैतागले. “फुलासाठी उद्दिष्ट सोडायचं का? वर काय सांगू?” त्यांचंही खोटं नव्हतं. वर जातो तो फक्त खड्ड्यांचा आकडा. माळ माळच ठेवल्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

महिनाअखेरीस २१४ खड्डे कमी भरले. लेखी खुलासा मागवला गेला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, “खडक लागला.”

कुणी पाहायला आलं नाही.