बुंदीचे बूट, चौथा जोड: सोल टिकला, मागचे पाय अजून बाकी

मंडळी, दोन आठवडे काही लिहिलं नाही कारण बुंदीसाठी घरी शिवलेल्या बुटांचा तिसरा जोड भर रस्त्यात फसला आणि तो का फसला ते आधी मला नीट समजून घ्यायचं होतं. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, बुंदी गावठी कुत्री, ११ वर्षांची, १७ किलो, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिचं वय आणि पोट असं की दुपारी एकदा खाली न्यावंच लागतं, आणि कडुलिंबाखालचा मातीचा पट्टा आहे रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे डांबरावरून चाळीसेक पावलं. मागच्या मे महिन्यात ह्याच चाळीस पावलांत तिचे पुढचे पंजे भाजले. तेव्हा काही कळलं नाही, जरा पाय उचलून चालली एवढंच, पण रात्रभर चाटत बसली आणि सकाळी बघते तर मोठ्या गादीची कातडी सुटून लोंबत होती. नळाचं साधं गार पाणी धरलं (बर्फ नाही, टूथपेस्ट-लोणी असलं तर काहीच नाही), स्वच्छ फडक्यात गुंडाळून डॉक्टरकडे नेलं, भरायला तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे मला परत बघायचे नाहीत म्हणून हा सगळा उद्योग.

तर तिसरा जोड. त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा सोल होता, सोल्युशनने चिकटवलेला. घरात आठ दिवस मस्त चालला, आणि रस्त्यावर पहिल्याच दुपारी उजवा सोल निम्म्यात उलगडला. घरी त्याच चुका परत करून बघितल्या तेव्हा कळलं की चिकटवणारं सोल्युशन तापलं की मऊ पडतं, आणि ट्यूब एवढी पातळ की रस्त्याची सगळी धग सरळ सोल्युशनपर्यंत पोचते, म्हणजे पायापर्यंतही पोचत होतीच. एक दिवस भर दुपारी गच्चीवर सगळे तुकडे मांडले, वर छत्री धरली म्हणजे ऊन वरून लागणार नाही, आणि तीन मिनिटांनी प्रत्येकाच्या वरच्या बाजूचं तापमान मोजलं. खाली फरशी ५८ अंश, ट्यूबची वरची बाजू ५१, जुन्या जीन्सचे दोन थर ४८, आणि हवाई चपलेचं ६ मिलीमीटरचं सोल शीट फक्त ४०. फोममध्ये हवा अडकलेली असते ना, तीच कामाला येते, रबर घट्ट असून उपयोग नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोचीकाकांना मी चामड्याचं विचारलं होतं तर ते म्हणाले, "चामडुं नहीं चाले बेन, कडक थई जशे." आणि बरोबरच आहे ते, कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांनाच, (बाकी शरीर गार होतं मुख्यतः धापा टाकून,) तेव्हा आत ओल, खाली धग, चामडं दोन दिवसांत लाकूड होणार. सोल शीट त्यांनीच कापून दिलं, आणि एक गोष्ट शिकवली जी मला कधीच सुचली नसती, की सोलच्या तळाला कडेने आधी चर पाडायची आणि टाके त्या चरीत बसवायचे, मेणाच्या दोऱ्याने, म्हणजे दोरा रस्त्याला घासत नाही. चौथ्या जोडात सोल्युशन अगदी नावाला, सगळा भार टाक्यांवर. वरचा भाग आईच्या जुन्या स्पोर्ट्स शूजच्या जाळीचा, हवा खेळावी म्हणून.

मापाचं परत सांगते कारण तिघांनी विचारलं. कुत्रा बसलेला असताना माप घेऊ नका. कागदावर उभं करा, ज्या पायाचं माप घ्यायचं त्याच्या शेजारचा पाय उचला, म्हणजे भार येऊन पंजा पसरतो, मग दोन्ही कडेला पेन्सिलीने खूण. बुंदीचा पुढचा ५.८ सेंटीमीटर, मागचा ५.१. पुढच्या पायांवर भार जास्त म्हणून ते रुंद, चारही एका मापाचे शिवले तर मागचे ढिले होणारच, पहिल्या जोडाची चूक तीच.

आता रस्त्याबद्दल, कारण हे बुटांपेक्षाही महत्त्वाचं वाटायला लागलंय मला. गेले दहा दिवस इन्फ्रारेड गनने (लांबूनच तापमान मोजणारं यंत्र) मोजतेय. परवा हवा ४१, दीड वाजता डांबर ६२, पेव्हर ब्लॉक ५४, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा ५३, सावलीतली माती ३८. माणसाच्या कातडीला ६० अंशाला पाचेक सेकंदांत पोळतं, पंज्याची गादी जाड असली तरी चाळीस पावलं म्हणजे पाच सेकंद नव्हेत. गनची एक खोड लक्षात ठेवा, डांबर, सिमेंट, माती नीट दाखवते पण दुकानांसमोरचा चकचकीत पत्र्याचा रॅम्प भलताच गार दाखवते, तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा, मग खरं कळतं. गन नसेल तर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवा, नाही टेकवता आली तर कुत्र्यालाही नाही.

आणि वेळ. आपल्याकडे सूर्य बाराला डोक्यावर येत नाही, साडेबाराही उलटून जातात, कारण घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि बडोदा ७३ च्या आसपास, म्हणजे बरंच पश्चिमेला. जूनच्या सुरुवातीला तर तो अगदी सरळ डोक्यावर असतो, इमारतींची सावली पायाशी गोळा होते, रस्ता पार करायला सावलीचा काठच उरत नाही. संध्याकाळी सातला हवा बरी वाटते म्हणून सगळे खाली उतरतात पण डांबराने दिवसभर आत साठवलेलं असतं, मला सातला ४५ मिळालं, साडेनऊला ३७. सकाळी साडेसहाला २९. म्हणून आता लांब फेरी फक्त सकाळी, सूरसागरच्या बाजूने, बुटांशिवाय.

पंज्यांना लावायच्या मेणाबद्दल ज्यांनी विचारलं त्यांना, मी केलंय, खोबरेल आणि मधमाशीचं मेण. खोबरेल २५ अंशाच्या आत-बाहेरच वितळतं म्हणून उन्हाळ्यात मेणाचं प्रमाण वाढवावं लागतं. भेगांसाठी छान आहे पण धग अडवत नाही, उलट मऊ होऊन खडी चिकटते. रात्री लावा, दुपारी त्याच्या भरवशावर बाहेर काढू नका. टी ट्री ऑइल आणि झिंकवालं मलम अजिबात नको, चाटतातच.

काल चौथा जोड चारही पायांत घालून खाली गेलो. पुढचे दोन जागचे हलले नाहीत, वेल्क्रो आता मोठ्या गादीच्या वर आणि मनगटामागच्या छोट्या गादीच्या खाली येतो, ती छोटी गादी त्याला अडवून धरते, आणि आतल्या बाजूच्या वरच्या नखाला घासू नये म्हणून तिथे फ्लॅनेलची पट्टी. पण मागच्या पायाला ती गादीच नसते, सरळ बारीक दांडा, डावा बूट पंचविसाव्या पावलाला निघाला आणि मी तिला तिथून उचलूनच पलीकडे नेली. आत हात घालून बघितलं तर पुढचे बूट ओलसर, म्हणून दहा मिनिटांच्या वर ठेवत नाही, पोचलो की काढते आणि बोटांच्या मधे पुसते.

पुढचा विचार असा की मागचे दोन बूट पाठीवरून जाणाऱ्या इलॅस्टिकच्या पट्ट्याने जोडायचे, पँटच्या गॅलिससारखे. पट्टा कापून ठेवलाय, रविवारी आईच्या मशीनवर बसते. कोणी असं केलं असेल तर पट्टा किती ताणलेला ठेवलात ते सांगा, घट्ट झाला तर ती मागचे पाय आखडून चालेल अशी भीती वाटते.