पाच मिनिटांत एक पुस्तक

आपल्याला आवडलेले पुस्तक दुसऱ्याला वाचावेसे वाटेल अशा रीतीने सांगण्याची एक नियमबद्ध पद्धत जपानमध्ये चांगलीच रुजली आहे. तिचे नाव बिब्लिओबॅटल. २००७ साली क्योतो विद्यापीठात तादाहिरो तानिगुची या तरुण संशोधकाने ती सुरू केली, आणि तीही अगदी व्यावहारिक गरजेतून: अभ्यासगटाने मिळून वाचण्यासाठी चांगले पुस्तक निवडायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. प्रयोगशाळेतल्या त्या उपक्रमाने पुढे ग्रंथालये, शाळा आणि पुस्तकांची दुकाने गाठली.

नियम चारच आहेत. स्वतः वाचलेले आणि आवडलेले पुस्तक घेऊन यायचे. प्रत्येकाने पाच मिनिटे त्याविषयी बोलायचे. त्यानंतर दोन-तीन मिनिटे श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे. आणि शेवटी सर्वांनी, बोलणाऱ्यांनीसुद्धा, मत द्यायचे, मात्र स्वतःच्या पुस्तकाला नाही. लिहून आणलेले भाषण वाचायचे नाही, छापील टिपणे वाटायची नाहीत, आणि पाच मिनिटे संपण्याआधी थांबायचेही नाही. प्रश्न विचारायचे ते पुस्तकातले किंवा वक्त्याचे दोष काढण्यासाठी नव्हे, तर आपले मत ठरवायला मदत व्हावी म्हणून.

या सगळ्याचा प्राण मतदानाच्या प्रश्नात आहे, असे मला वाटते. कोण उत्तम बोलले हे तिथे विचारतच नाहीत. कोणते पुस्तक सर्वांत जास्त वाचावेसे वाटले, एवढेच विचारतात. त्यामुळे वक्तृत्वाचा दिमाख आपोआप गळून पडतो आणि बोलणारा कथानकाचा सारांश सांगत बसण्याऐवजी या पुस्तकाने आपल्याला कुठे अडवले, कुठे हसवले, कोणत्या पानानंतर झोप लागली नाही, ते सांगू लागतो. अनोळखी माणसाची इतकी जवळून ओळख परक्या देशात मला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने झालेली नाही.

आमच्या भागातल्या ग्रंथालयात मी बोलायला उभी राहिले तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नेली होती. मूळ मराठी प्रतीशेजारी इंग्रजी अनुवादही ठेवला, कारण श्रोत्याला जे वाचताच येणार नाही त्यासाठी त्याचे मत मागणे मला योग्य वाटले नाही. बालवयात लग्न होऊन सासरी गेलेली, शाळेचे तोंडही न पाहिलेली एक स्त्री. १८९५ मध्ये नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कोसळलेले तिचे जग. आणि पाच वर्षांनी स्वतःच्या विचाराने तिने घेतलेला तोच निर्णय, एवढा धागा मी सांगितला. उरलेला वेळ मी तिच्या विनोदासाठी राखून ठेवला, कारण वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून स्वतःच्या फजितीपर्यंत सगळे ती ज्या निर्मळपणे सांगते, त्याची तोड मला अजून कुठे सापडलेली नाही. एका वयस्क बाईंनी विचारले, “तिला नवऱ्याचा राग येत नाही का?” राग येतो, तो ती लपवत नाही, आणि त्याच पानावर तिची मायाही दिसते, असे मी माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत सांगितले. त्यांनी पुस्तकाचे नाव वहीत उतरवून घेतले. सर्वाधिक मते मात्र एका शाळकरी मुलाने आणलेल्या कीटकांवरच्या पुस्तकाला मिळाली. माझे मतही त्यालाच होते.

महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी लेखकाचा परिचय, सारांश आणि त्यातून मिळणारा संदेश अशा ठरलेल्या साच्यातली भाषणे मुलांकडून पाठ करून घेण्यापेक्षा एखाद्या शाळेने किंवा गावच्या वाचनालयाने हा प्रयोग जरूर करून पाहावा. घड्याळ, मतांच्या चिठ्ठ्या आणि चार-पाच उत्सुक वाचक एवढ्यावर तो होतो. पुस्तक मुलांनी स्वतः निवडावे. शिक्षकांनी यादी देऊ नये, आणि शक्य असेल तर त्यांनीही आपले पुस्तक घेऊन मुलांच्या रांगेत बसावे. सांगितलेली सगळी पुस्तके कार्यक्रम संपताच टेबलावर मांडून ठेवावीत, म्हणजे ज्याला जे वाचावेसे वाटले ते त्याच दिवशी आपल्या नावावर नोंदवून घरी नेता येईल.