खाऱ्या हवेतले तीन कप

समुद्रकाठच्या शहरात एका दिवसात किती कॉफीशॉपं पाहून होतील, याचा हिशेब नकाशावरून करू नये. नकाशावर सगळे ठिपके जवळजवळच दिसतात. धक्क्यापाशी एक, जुन्या गोदामांच्या गल्लीत दोन, टेकडीच्या वाटेवर एक, आणि जिन्याखालच्या खोलीत दडलेलं, ज्याचं नाव सगळे घेतात असं एक. सकाळच्या गाडीने उतरावं, रात्रीच्या गाडीने परतावं, मधल्या वेळात पाच सहज उरकतील असं वाटतं. उरकतीलही. पण चौथ्या कपाला हात थरथरतात, जिभेला चव लागेनाशी होते आणि पाचव्याबद्दल एवढंच सांगता येतं की तो गरम होता.

हिशेब करायचा तो कॅफीनचा. अरेबिका या जातीच्या कॉफीच्या बियांत वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफीन असतं. १५ ग्रॅम कॉफीचा एक फिल्टर कप, म्हणजे दळणावर गरम पाणी ओतून गाळलेली काळी कॉफी, घेतला की त्यातलं दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटात जातं. १८ ग्रॅमच्या डबल एस्प्रेसोतही, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या दाट, घोटभर कॉफीतही, जवळपास तेवढंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत हरकत नाही असं म्हटलं. गरोदर बाईसाठी दिवसभराचा आकडाच २०० आहे. म्हणजे एरवीही तिसऱ्या कपाशीच चारशेची मर्यादा गाठली जाते. शिवाय घेतलेलं कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाला प्यायलेला कप रात्री अकराला परतीच्या गाडीत डोळे मिटू देत नाही. दोघं असाल तर सोपं आहे. एक कप मागवावा, सोबत रिकामा कप मागावा. ओळखीची आणखी एक सोय म्हणजे एकाच डबल शॉटचे, म्हणजे यंत्रातून एकदाच उतरवलेल्या एस्प्रेसोचे, दोन भाग करून घेणं: अर्धा नुसता एस्प्रेसो, अर्ध्यात थोडं दूध. तीच कॉफी दोन्ही रूपांत कळते. कोणी नाक मुरडत नाही. उलट असं मागणारं गिऱ्हाईक आलं की काउंटरमागचा माणूस जरा सरळ उभा राहतो.

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द कॉफीच्या व्यापारातल्या एर्ना नूटसन यांनी १९७४ साली एका व्यापारी मासिकात वापरला, तो खास हवामानात पिकलेल्या, स्वतःची वेगळी चव असलेल्या बियांसाठी. पुढे गुणपत्रिका आली: शंभरपैकी ऐंशी किंवा जास्त गुण म्हणजे स्पेशालिटी. इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. हे गुण बियांचे असतात, कपाचे नसतात. ८७ गुणांच्या बियांची बेचव कॉफी करणं अजिबात कठीण नाही, आणि समुद्रकाठी तर त्याहून सोपं आहे.

कारण हवा. कच्च्या कॉफीत १० ते १२ टक्के ओलावा असतो, भाजल्यावर तो दोन-तीन टक्क्यांवर येतो. इतकी कोरडी बी दमट हवेत ठेवली की ती ओलावा ओढणारच. अख्खी बी हळूहळू सादळते, दळलेली भराभर. ग्राइंडरवरच्या काचेच्या नळकांड्यात सकाळी ओतलेला किलोभर माल दुपारपर्यंत तसाच राहत नाही. दळण गाठी धरतं, ते दाबून यंत्रात घातलं की पाणी कुठे अडतं, कुठे फट शोधून सुसाट निघतं. कोरड्या हवेच्या गावी बरिस्ताला, म्हणजे कॉफी करणाऱ्याला, दळण उडून भांड्याला चिकटण्याचा ताप, इथे गाठींचा. म्हणून काउंटरजवळ जागा मिळाली तर पाच मिनिटं नुसतं पाहावं.

पाहायचं काय? एस्प्रेसोचा नेहमीचा मेळ असा: १८ ग्रॅम दळण आत, ३६ ग्रॅम कॉफी बाहेर, २५ ते ३० सेकंदांत. सकाळी दुकान उघडण्याआधी बरिस्ता हे गणित बसवतो. दुपारी दार सारखं उघडं राहतं, हवा जड होते आणि तेच दळण ३८ सेकंद घ्यायला लागतं. कप कडू होतो, घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडते. चांगला बरिस्ता ग्राइंडरचं चाक केसभर जाड बाजूला सरकवतो. पण तेवढ्याने भागत नाही, कारण पात्यांमध्ये जुनं दळण अडकलेलं असतं. ते चार-पाच ग्रॅम काढून फेकावं लागतं, नाहीतर पुढचा शॉट जुन्या-नव्याची भेसळ होतो आणि त्यावरून केलेला अंदाज चुकतो. घाईत चाक जास्त फिरलं तर १८ सेकंदांतच पातळ, आंबट पाणी उतरतं. मग मागे फिरा, पुन्हा फेका. गर्दी वाढली की पातीही तापतात, त्याचा परिणाम आणखी वेगळा. हे सगळं वजनकाट्याशिवाय आणि घड्याळाशिवाय, नुसत्या हाताच्या सरावावर करणारे असतात. त्यांतले थोडे खरंच उस्ताद असतात, बाकीच्यांचा फक्त आत्मविश्वास उस्तादाचा असतो. एखादा शॉट चाखून बेसिनमध्ये ओतून देणारा दिसला, तर तिथे बिनदिक्कत बसावं. त्याने फेकलेला कप तुमच्या वाट्याला आला नाही, हे लक्षात घ्यावं.

दुसरी नजर वाफेच्या दांडीवर. दूध तापवून झालं की दांडी लगेच ओल्या फडक्याने पुसली जाते का, आणि वाफ एकदा मोकळी सोडली जाते का? वाळलेल्या दुधाचा पिवळट थर दिसला की दुधाची कॉफी टाळावी. दूध ६०-६५ अंशांपर्यंत गोड लागतं, सत्तरीच्या पुढे त्याला उकळल्याचा वास येतो. ‘जास्त गरम करा’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकांनी कॉफीचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं कुठल्याही ग्राइंडरने केलं नसेल.

मग पाणी. फिल्टर कॉफीच्या कपात साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि किनाऱ्यालगत जमिनीखालचं पाणी मचूळ असण्याची शक्यता मोठी. क्षार जास्त असले तर आंबटपणा दबतो आणि चव मातकट होते. क्लोराइडने तर यंत्राच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीलाही बारीक खड्डे पडतात, म्हणून शहाणे दुकानदार आरओ यंत्र लावतात. नुसतं आरओचं पाणीही चालत नाही, ते इतकं मोकळं असतं की कॉफी पोकळ लागते. त्यात थोडं मॅग्नेशियम-कॅल्शियम परत घालावं लागतं. कॉफीवाल्यांच्या संघटनेचा सर्वसाधारण आकडा लिटरला १५० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांचा आहे. गिऱ्हाइकाला ते मोजता येत नाही, पण आधी पेलाभर साधं पाणी मागून घोट घेता येतो. अनेक ठिकाणी पिण्याचं आणि कॉफीचं पाणी एकाच फिल्टरमधून येतं. ते मचूळ लागलं तर काळी कॉफी मागवू नये, दुधाची मागवावी. दूध बरंच झाकून घेतं.

कपांचा क्रमही ठरवून ठेवलेला बरा. पहिला कप फिल्टरचा, काळा, साखरेविना, आणि जेवणाआधी. खारट खाऊन कॉफी प्यायली की कडवटपणा कमी जाणवतो. मीठ कडू चव दाबतं, हे १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकातल्या एका प्रयोगात नीट दाखवलं गेलं. तेव्हा किनाऱ्यावर चमचमीत, खारट काही खाऊन आल्यावर ‘इथली कॉफी काय मऊ आहे’ असं वाटलं, तर श्रेय दुकानाला देण्याआधी थांबावं. हा पहिला कप घाईने पिऊ नये. सत्तर अंशांवर फक्त गरमपणा कळतो. पन्नासच्या आसपास आला की फळाचा आंबटपणा, फुलाचा वास, गोडवा एकेक उघडत जातात. दाणे चांगले भाजले असतील तर कोमट कपही आवडतो, भाजताना करपले असतील तर गार होताना राखेची चव वर येते. वीस मिनिटं द्यावीत. पाटीवर चवीचं वर्णन म्हणून लिहिलेलं ‘जर्दाळू, जाई, मध’ वाचून ते शोधत बसू नये. त्यापेक्षा भाजल्याची तारीख वाचावी. फिल्टरसाठी भाजून आठवडा-दोन आठवडे झालेल्या बिया उत्तम. कालच भाजलेल्या असल्या तर त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइड अजून गेलेला नसतो, आणि तो पाण्याला नीट आत शिरू देत नाही.

हाताने ओतून केलेली कॉफी समुद्रासमोर पाहणं मात्र मौजेचं आहे. कागदी फिल्टर गरम पाण्याने धुतला जातो, १५ ग्रॅम दळण पडतं, वर ४५ ग्रॅम पाणी. दळण फुगतं, बुडबुडे येतात, अर्धा मिनिट थांबायचं. मग बारीक धारेने गोल गोल फिरवत २५० ग्रॅमपर्यंत. एकूण वेळ तीन मिनिटांच्या आगेमागे. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी दार उघडून आत येतं. वाऱ्याच्या झोताने काट्यावरचा आकडा दोन-तीन ग्रॅम मागेपुढे नाचायला लागतो, बरिस्ता धार थांबवतो, अंगाने आडोसा करतो. पंख्याखाली मांडलेल्या काउंटरवर हे दर पाच मिनिटांनी घडतं. काटा भिंतीकडे, वाऱ्याआड ठेवलेला दिसला तर दुकान मांडणाऱ्याला या शहराची हवा कळली आहे असं समजावं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी हातची कॉफी बहुतेक ठिकाणी बंदच असते. अशा वेळी मोठ्या यंत्रात एकदम लिटर-दीड लिटर केलेली फिल्टर कॉफी घ्यावी. लोक तिला उगाच कमी लेखतात. यंत्राचा हात थरथरत नाही, त्याला गर्दीचा राग येत नाही. फक्त एक प्रश्न विचारावा: कधी केली? अर्ध्या तासाच्या आतली असेल तर बेशक. पाऊण तास उलटून गेला असेल तर वास उडालेला असतो.

दुसरा कप भरपूर चालून झाल्यावर, एस्प्रेसोचा. तिसरा दुधाचा किंवा, ऊन असेल तर, बर्फावरचा. बर्फावर गरम कॉफी थेट गाळलेली मागावी: १५ ग्रॅम दळण, १५० ग्रॅम गरम पाणी, खाली १०० ग्रॅम बर्फ. गरम पाण्यामुळे सुगंध उतरतो आणि बर्फामुळे तो तिथेच अडकतो. कोल्ड ब्रू बारा-अठरा तास थंड पाण्यात भिजवलेली असते. प्यायला छान, पण तीत सगळे कंगोरे घासून गुळगुळीत झालेले असतात, त्यामुळे तिच्यावरून दुकान जोखता येत नाही.

राहता राहिला कागदी कप घेऊन किनाऱ्यावर जाण्याचा मोह. फोटो उत्तम येतो. कॉफीचं म्हणाल तर झाकणामुळे नाकापर्यंत वास पोचत नाही, झाकण काढलं तर वारा नेतो, आणि वाळू यायची ती येतेच. कॉफीच्या चवीतला मोठा वाटा नाकाचा असतो. समुद्र बघायचा तर हात मोकळे ठेवून बघावा.

समुद्राने कॉफीचं फक्त नुकसानच केलं असंही नाही. येमेनच्या मोखा बंदराचं नाव अजून पेयांच्या यादीत आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची ‘मान्सून्ड मलबार’ तर दमटपणाच्याच जिवावर जगते. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालत युरोपला जाणारी कॉफी महिनोन्‌महिने ओल्या तळघरात राहून फिकट, फुगीर व्हायची आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, प्रवास आखूड झाला, माल ताजा पोचायला लागला. मग तीच चव किनाऱ्यावरच मुद्दाम घडवली जाऊ लागली. जून ते सप्टेंबर उघड्या बाजूंच्या गोदामात कच्च्या बिया पसरायच्या, वारंवार खालीवर करायच्या, मोसमी वारा खाऊ द्यायचा. बिया फुगून पिवळट होतात, आंबटपणा जवळजवळ जातो, घोट जड होतो. पाटीवर दिसली तर दुधात घ्यावी, तिथे ती शोभते.

परतताना बिया घ्यायचा मोह आवरू नये, पण दळून घेऊ नयेत. दळलेली पिशवी गाडीत बसेपर्यंतच निम्मी विझते. पाव किलो पुरे. भाजल्याची तारीख आठवड्याच्या आतली असली तरी चालेल, घरी पोचून त्या आणखी मुरतात. पिशवी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. घरी फ्रिजमध्ये तर मुळीच नाही: दर वेळी बाहेर काढली की थंड बियांवर दव धरतं, म्हणजे सादळण्याची पक्की सोय. जास्त दिवस टिकवायच्या तर एकेका वेळेपुरत्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकाव्यात आणि पुडी हवेच्या उष्णतेला आल्यावरच उघडावी.

घर उंचावर असेल तर पाणीही थोडं लवकर उकळतं, दर तीनशे मीटरला साधारण एका अंशाने. सहाशे मीटरवर ते ९८ अंशांना उकळतं. हलक्या भाजलेल्या बियांसाठी तिथे किटली उतरवून थांबायचं नाही, उकळतं पाणीच ओतायचं. तरीही पहिला कप दुकानातल्यासारखा झाला नाही, तर दळणाचं चाक फिरवण्याआधी एकदा पाणी बदलून करून पाहावा.