बॅच परत सुरू करून राहिली, पण प्रॅक्टिस तोंडाची चालू आहे

तर हो, ऐकलं ते खरं आहे, पावसाळ्यात परत एरोबिक्सची बॅच घेऊन राहिली मी. नागपुरात प्रतापनगरचाच सोसायटीचा हॉल, सकाळी सहाची वेळ. ग्रुपवर मेसेज टाकल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, मॅम स्टॅमिना आला का परत? दुसऱ्या बाळंतपणामुळे गॅप चांगलाच मोठा पडला, म्हणून विचारतात. पण स्टॅमिनाचं मला खरंच टेन्शन नाही. दम काही आठवड्यांत कमी होतो हे खरंय, पण आधी कमावलेलं अंग लवकर ओळख देतं, अंबाझरी तलावावर चालणं, मग थोडं पळणं, घरी स्क्वॉट्स असं करत करत तो येऊनच राहिला आहे. पोटरी आणि टाचेकडचे स्नायूबंध मात्र दमापेक्षा हळू तयार होतात म्हणून उड्या मी हळूहळूच वाढवतेय.

गेलेलं आहे ते शिकवणं. म्हणजे नाचता नाचता बोलणं. गाण्यात आठ-आठचे चार तुकडे, ३२ बीट्स, आणि पुढची स्टेप काय ते शेवटच्या चार बीट्समध्ये सांगून मोकळं व्हायचं, म्हणजे पहिल्या बीटला सगळ्यांचा पाय एकत्र पडतो. मी सांगते तोपर्यंत स्टेप ऑलरेडी सुरू झालेली असते, असं आता होऊन राहिलं. त्यात आपण क्लासकडे तोंड करून उभे, म्हणजे आपला डावा पाय उचलायचा आणि तोंडाने "उजवा" म्हणायचं. पूर्वी हे झोपेतही जमायचं, आता डोकं एक सेकंद अडकतं आणि त्या एका सेकंदात मागची लाइन भलतीकडे जाते!

म्हणून रोज गच्चीवर गाणं लावून एकटीच ओरडते, "चार, तीन, दोन, ग्रेपवाइन!" (ग्रेपवाइन म्हणजे पाय मागून टाकत बाजूला जायची स्टेप.) सासूबाई जिन्यातून वर आल्या, म्हणे, "काहून, कोणाशी बोलून राहिली तू?" मग त्यांनाच समोर उभं केलं. त्या म्हणाल्या तुझं "साइड"च ऐकू येते, पुढचं काही कळत नाही. बरोबर होतं, शब्द जास्त होते. आता एका स्टेपला दोन शब्द, बाकी हाताने दाखवायचं.

आवाजाचंही तसंच आहे. गाण्याच्या वर ओरडून शिकवणाऱ्यांच्या स्वरयंत्रावर गाठी येतात, आमच्या लाइनमध्ये हे फार कॉमन आहे आणि बोलत कोणी नाही. या वेळी हेडसेट माइक घेतला, आणि गाणं ८५ डेसिबलच्या खाली ठेवणार, मोबाइलवर ॲपने बघता येतं, अंदाजाला पुरतं. ज्यांना आवाज धडाधडा लागल्याशिवाय मजा येत नाही त्यांनी स्पीकरजवळची जागा धरावी, बाप्पा.

आणि जे कोणी बोलत नाही त्यातलं अजून एक, जम्पिंग जॅकला लघवीचा थेंब येणं. पहिल्या बाळंतपणानंतर मला वाटायचं हे असंच असते, बॅचमधल्या निम्म्या बायका पण काही न बोलता उड्या चालू झाल्या की पाणी प्यायला जायच्या, ते मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाई मोकळी. पण २०१९ मध्ये ब्रिटनच्या फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर धावायला लागण्याबद्दल सूचना काढल्या, त्यात पळण्या-उड्यांसाठी किमान १२ आठवडे थांबा आणि आधी पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासून घ्या असं आहे. मी या वेळी फिजिओकडे गेले, व्यायाम केले, फरक पडला. त्यामुळे आता क्लासमध्ये पाय जमिनीवर ठेवूनच मेन स्टेप शिकवणार, उडी हा वरचा ऑप्शन. आधी उलटं होतं, उडी मेन आणि "ज्यांना जमत नाही त्यांनी" असं म्हटलं की कोणीच तो ऑप्शन घेत नाही, ईगो असतो ना सगळ्यांना.

रूटीन एकच बसवलंय आणि महिनाभर तेच चालवणार. दर आठवड्याला नवीन कोरिओची खाज ट्रेनरलाच जास्त असते, येणाऱ्यांना येतेय ती स्टेप पक्की करून घाम काढायचा असतो. स्टेपला, म्हणजे फळीवर चढ-उतर करतो त्याला, गाणी १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ बीट्स) वर नेणार नाही, त्यापुढे नवीन लोकांची टाच फळीवर पूर्ण टेकतच नाही. आणि हो, क्लास म्हणजे माझा वर्कआउट नाही हे मी स्वतःलाच सांगून राहिली, माझा व्यायाम वेगळा करायचा, क्लासमध्ये फिरायचं, गुडघे बघायचे.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत मुद्दाम थांबले. नागपूरच्या मे महिन्यात पहाटेसुद्धा हॉल तापलेलाच असतो. आता पाऊस पडला की कूलरचा उपयोग शून्य, नुसती चिकचिक, म्हणून पंखे वाढवून मागितलेत. पहिले दोन आठवडे क्लास थोडा छोटा आणि हळू ठेवणार, दमटपणाची सवय व्हायला अंगाला तेवढा वेळ लागतोच. बाटली सगळ्यांनी आणा, चप्पल घालून येऊ नका, आणि बीपी, गुडघा, नुकतंच बाळंतपण असं काही असेल तर पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगा.

संध्याकाळच्या बॅचचं विचारून राहिल्या काही जणी. सध्या नाही. त्या वेळेला घरी दोन पोरं असतात आणि त्यांना बीपीएम कमी करता येत नाही.