काळ्याचा निरोप

काळ्याला मी पहिली लस टोचली तेव्हा तो दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू होता. त्यानंतरची चौदा वर्षे त्याची बहुतेक सगळी दुखणी माझ्याच हातून गेली. नाव काळ्या असले तरी शेवटच्या वर्षी त्याचे तोंड, भुवया आणि पंजे पार पांढरे झाले होते. मी पशुवैद्यक आहे आणि निरोपाचे असे प्रसंग माझ्या कामात नेहमी येतात, तरीही तो दिवस माझ्या मनातून गेलेला नाही.

त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. क्रिएटिनिन हे मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य; निरोगी कुत्र्याच्या दर शंभर मिलिलिटर रक्तात त्याचे प्रमाण साधारणपणे दीड मिलिग्रॅमच्या आत असते. काळ्याचे आठच्या वर गेले होते. तोंडात व्रण उठले होते, श्वासाला अमोनियासारखा उग्र वास येत होता आणि २४ किलोंचे वजन १६ वर आले होते. सहा दिवस आम्ही सलाइन लावले. सलाइनमुळे रक्तात साठलेली विषारी द्रव्ये काही काळ कमी होतात, पण मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येत नाही, हे मी घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते.

सातव्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावले. घरातल्या लहान मुलीच्या वडिलांनी आणखी दोन दिवस वाट पाहावी का, असे विचारले. अशा वेळी मी सल्ला देण्याआधी प्राणी आपणहून उठतो का, पाणी पितो का, हाक मारल्यावर मान वर करतो का, एवढेच विचारते. उत्तर आजींनी दिले. "काल रात्री पाण्यासाठी उठला आणि भांड्यापर्यंत जाऊन तिथेच बसून राहिला. पाणी प्यायलाच नाही. आता त्याचे हाल पुरे करा, डॉक्टर."

मी तयारीला लागले आणि सवयीने म्हणाले, "आता आपण काळ्याला झोपवू या."

सहा वर्षांची नात त्याच्या डोक्याशी बसली होती. ती म्हणाली, "मग त्याला उठवायला मला बोलवा. तो माझ्याच हाकेने उठतो."

'झोपवणे' हा शब्द आम्ही मोठ्यांसाठी, किंबहुना स्वतःसाठीच, सौम्य करून ठेवला आहे. तो ऐकलेल्या मुलाला त्या रात्री स्वतः झोपण्याचीच भीती वाटली तर त्यात नवल नाही. तिच्या आईची संमती घेऊन मी जमिनीवर बसले आणि तिला सांगितले की काळ्या आज मरणार आहे, त्याचे शरीर थांबेल, मग त्याला दुखणार नाही आणि तो पुन्हा उठणारही नाही. ती रडली. आजींनी तिला जवळ घेतले, पण बाहेर नेले नाही, आणि मला ते योग्य वाटले.

पुढे काय दिसेल तेही मी सर्वांना आधी सांगून ठेवले, कारण ऐनवेळी ते पाहून माणसे हादरतात: डोळे उघडेच राहतील, स्नायू थरथरतील, लघवी होईल, हृदय थांबल्यानंतरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखे वाटेल, पण त्या वेळी त्याला काही जाणवत नसेल. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले आणि त्याचा श्वास संथ होऊ दिला. रक्तदाब खालावल्यामुळे पुढच्या पायाची शीर सापडेना. दुसऱ्या पायावर ती मिळाली. शेवटचे औषध म्हणजे भुलीच्याच औषधाची मोठी मात्रा असते. त्यामुळे आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो आणि शेवटी हृदय. या सगळ्याला मिनिट-दोन मिनिटे लागली. आजींचा हात त्याच्या कानामागे होता.

मी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकले, डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करून पाहिले आणि तो गेल्याचे सांगितले. तेव्हा त्या मुलीने माझ्यापुढे हात केला.

"डॉक्टरमावशी, मला ऐकू द्या."

मी नळ्या तिच्या कानांना लावल्या आणि चकती त्याच्या छातीवर धरली. ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली. मग तिने एकदा, हळू आवाजात, त्याला हाक मारली, पुन्हा ऐकले आणि स्टेथोस्कोप काढून आजींच्या हातात दिला.