न जुंपलेला खांदा

रविवार, १ सप्टेंबर २०२४. श्रावण वद्य चतुर्दशी.

उद्या पोळा असल्यामुळे आज संध्याकाळी घरोघरी खांदेमळणी झाली. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून बैलांना "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे सांगायची ही रीत आहे. आमच्या दावणीला मात्र चांद्या आहे, आणि त्याच्या मानेवर जू कधी चढले नाही. तो होल्स्टिन या विदेशी दुधाळ जातीच्या संकराचा आहे (गावात अशा प्रत्येक जनावराला जर्सीच म्हणतात), त्यामुळे त्याला वशिंड नाही. आणि वशिंडच नसेल तर जू अडायचे कशावर? वैशाखात तर त्याला सावलीतही धाप लागते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, लंपीच्या साथीने सगळे गोठे धास्तावलेले असताना, प्रवरेच्या कालव्याच्या भरावावर तो मला खताच्या गोणीत सापडला. त्याची नाळ अजून ओली होती. टाकणारा कोण, हे गावात कुणी विचारले नाही, कारण हिशेब सर्वांनाच पाठ होता: कालवड झाली तर आनंद, गोऱ्हा झाला तर त्याने प्यायलेले प्रत्येक लिटर डेअरीच्या मापातून वजा, आणि २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे असा नकोसा जीव रात्री कुठेतरी सोडून दिला जातो. मला त्या माणसाचा राग येतो. पण माझा पगार शाळेतून येतो आणि त्याचे घर दुधावर चालते, हेही मला नाकारता येत नाही.

वासराला गर्भात असताना आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही; ती चिकातून मिळते, आणि तीही जेमतेम पहिल्या चोवीस तासांतच त्याच्या आतड्यातून रक्तात उतरू शकते. हे मला पशुवैद्यांनी नंतर समजावून सांगितले. माझ्या आईला एवढेच ठाऊक होते की शेजारची गाय पहाटे व्यायली आहे आणि खरवसासाठी चीक काढून ठेवला आहे. तिने तो मागून आणला, पातेल्यात बोट बुडवून त्याला चोखवले, आणि दुपारपर्यंत तो लटपटत उभा राहिला. शेजारच्या मुलांचा त्या दिवशीचा खरवस हुकला, ही तक्रार ती अजूनही चांद्यासमोर उभी राहून करतात.

आता भाकरी थापल्याचा आवाज आला की तो दावे ताणून चुलीच्या दिशेने मान वळवतो. रात्री वीज गेली की अंधारात त्याचे रवंथ करणे ऐकू येते. वडील गेल्यापासून ओसरीवर एकटी निजणारी आई म्हणते की त्या आवाजाशिवाय तिला झोप लागत नाही.

हल्ली लिंगनिर्धारित वीर्यमात्रा मिळतात आणि त्यांपासून सुमारे ९० टक्के कालवडीच जन्मतात. भरावावर गोण्या पडणार नाहीत, म्हणून मला ते मनापासून पटते. मात्र तसे झाले असते तर चांद्या जन्मलाच नसता, आणि या विचारापाशी आलो की मी गोठ्यात जाऊन त्याच्या कपाळावरचा पांढरा चांद खाजवून येतो.

आज आईने हळद-तुपाची वाटी घेतली तेव्हा मी विचारले, "याला मळायचे तरी कुठे?" तिने त्याच्या सपाट खांद्यावरून हात फिरवला आणि जिथे त्याची स्वतःची जीभ पोहोचत नाही, नेमके तिथे तूप जिरवायला सुरुवात केली. चांद्याने डोळे मिटले. मग ती त्याच्या कानाशी वाकून आवतण सांगू लागली, आणि ते पुरे होण्याआधीच त्याने तिच्या हातातली वाटी चाटून लख्ख केली.